एका रात्रीचे देऊळ

महाशिवरात्र जवळ आली, की ठाणे जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतून अंबरनाथच्या जत्रेची बोलणी सुरू होतात. शहापूर-मुरबाडच्या डोंगराळ मुलुखात भाताची कापणी-मळणी तेव्हा केव्हाच उरकलेली असते. मुरबाडहून कल्याणला उतरावे आणि तेथून दक्षिणेकडे वळावे, म्हणजे वालधुनी नदीच्या काठी काळ्या पाषाणाचे जुने शिवमंदिर दिसू लागते.

अशाच एका जत्रेला मुरबाडकडील एक आजोबा आपल्या नातवाला घेऊन निघाले. नातवाने विचारले, “आजोबा, हे देऊळ कोणी बांधले?”

“पांडवांनी, बाळा. आणि तेही एका रात्रीत!”

मग आजोबांनी आपल्या आजोबांकडून ऐकलेली कथा सांगितली. वनवासात हिंडत हिंडत पांडव येथे आले. एकाच प्रचंड दगडातून शंकराचे देऊळ घडवावे, असे त्यांनी ठरवले. रात्रभर काम चालले. पण शिखर पुरे होण्याआधीच उजाडले आणि पांडवांना निघून जावे लागले. देवाच्या माथ्यावर छप्पर म्हणून आकाशच राहिले. अंबर म्हणजे आकाश. म्हणून हा अंबरनाथ!

पायऱ्या उतरून दोघे खोल गाभाऱ्यात गेले. पिंडीला नमस्कार करून मुलाने वर पाहिले, तो खरोखरच निळे आकाश दिसले. कथेवरचा त्याचा विश्वास दुणावला.

परंतु बाहेर आल्यावर तो भिंतीपाशी थबकला. देवदेवतांच्या कोरीव मूर्तींखालून त्याने बोट फिरवले आणि तो ओरडला, “आजोबा, येथे सांधा आहे! येथेही आहे! हा एकच दगड नव्हे!”

आजोबांनी वाकून पाहिले. इतक्या वर्षांत ते सांधे त्यांच्या नजरेस पडले नव्हते. ते हसून म्हणाले, “खरेच की रे!”

मुलाच्या बोटाला जे कळले, त्याला एका शिलालेखाचाही आधार आहे. मंदिराच्या उत्तर दारावर तो कोरलेला होता. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यातील शक ७८२ असा वाचला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी अक्षरे पुन्हा न्याहाळली आणि तो आकडा ९८२ असल्याचे दाखवून दिले. मुरबाड तालुक्यातील नाणेघाटाचे प्राचीन लेख अभ्यासणारे पंडित ते हेच. एका अंकाने देवळाचे वय दोनशे वर्षांनी बदलले! शक ९८२ म्हणजे इ. स. १०६०. तेव्हा उत्तर कोकणात शिलाहार राजा मुम्मुणी याचे राज्य होते.

अशा कथा केवळ आपल्याकडेच आहेत असे नाही. इंग्लंडमध्ये राजा एडवर्डने बांधलेल्या वेस्टमिन्स्टरच्या चर्चचे पवित्रीकरण इ. स. १०६५ मध्ये, म्हणजे अवघ्या पाच वर्षांनी झाले. त्या जागेवरील पहिल्या चर्चविषयी तेथील लोक सांगत, की संत पीटर रात्री एका कोळ्याच्या नावेतून थेम्स नदी ओलांडून आला आणि त्याने स्वतःच ते चर्च पवित्र केले. माणसाचे काम फार सुंदर झाले, म्हणजे ते माणसाचे आहे हेच लोकांना खरे वाटेनासे होते.

शिलालेखात राजाचे नाव आहे. पण ज्यांनी ऊनपाऊस सोसून हा कठीण दगड फोडला, घडवला आणि सांध्याला सांधा जुळवला, त्या पाथरवटांची नावे कोणास ठाऊक नाहीत. ते काम एका रात्रीचे नव्हते.

परतताना मुलाने विचारले, “आजोबा, मग पांडवांची गोष्ट सांगायची नाही का?”

आजोबा म्हणाले, “सांगायची तर! माझ्या आजोबांची आठवण आहे ती. पण गोष्ट संपली, की ते सांधेही दाखवायचे.”