कडू दुधीचा धडा

मुलांनो, बाईंना सगळं येतं असं तुम्हाला वाटतं ना? माझ्या वर्गातल्या पोरांनाही तसंच वाटतं. पण एकदा बाईच चुकल्या, आणि त्यांना धडा शिकवला तो दुसरीतल्या एका मुलीनं. ही मुलगी म्हणजे माझीच थोरली. तिची परवानगी घेऊनच ही गोष्ट तुम्हाला सांगते आहे.

आमचं घर उंब्रजला. तारळी नदी कृष्णेला मिळते तिथलं हे गाव. समर्थ रामदासांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक मारुती आमच्या गावात आहे. दोन नद्यांचं गाव म्हटल्यावर पाहुण्यांना वाटतं, इथं पाण्याला काय तोटा! पण मे महिन्यात नळाचं पाणी आम्हीही जपूनच वापरतो. घरामागे आमची छोटीशी परसबाग आहे, चार खाटा टाकल्या तर भरून जाईल एवढी. तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी बादलीत साठवायचं आणि संध्याकाळी तांब्यातांब्यानं आळ्यात ओतायचं, हे काम थोरलीकडे. धाकटा तेव्हा चार वर्षांचा. त्याचं काम म्हणजे बादलीत हात घालून निम्मं पाणी स्वतःच्या अंगावर घेणं!

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी असते, तेव्हा स्वयंपाक आम्ही तिघं मिळून करतो. भेंडी कोवळी की जून, हे तिचं टोक मोडून बघायचं. कट्‌कन मोडलं तर कोवळी, नुसतंच वाकलं तर जून. हे काम धाकट्याला फार आवडतं. त्यामुळे आमच्या घरी भेंडीची भाजी नेहमी बिनटोकांची होते. थोरली गवारीच्या शिरा काढते, काकडीच्या कोशिंबिरीत शेंगदाण्याचं कूट कालवते, पन्ह्यासाठी उकडलेल्या कैरीचा गर काढते. पसारा दुप्पट होतो, वेळ तिप्पट लागतो. पण स्वतः मोडलेली भेंडी मुलं स्वतःहून खातात, हे मी पाहिलं आहे.

आणि आमच्या घराचा एक नियम होता. पानात वाढलेलं सगळं संपवायचं. टाकायचं नाही, कुरकुर करायची नाही. हा नियम माझ्या आईचा. तिच्या घरातून तो माझ्याबरोबर सासरी आला.

आता त्या दिवसाची गोष्ट.

२०२४ सालचा मे महिना होता. आदल्या वर्षी पावसानं हात आखडता घेतला होता आणि ऊन मी म्हणत होतं. ७ मे रोजी आमच्या सातारा मतदारसंघात लोकसभेचं मतदान होतं. आम्हा शिक्षकांना मतदान केंद्रावर काम असतं. त्याआधी प्रशिक्षण, मग आदल्या दिवशी साहित्य घेऊन केंद्रावर मुक्काम. त्या गडबडीत परसबागेकडे बघायला मला सवड झाली नाही. आत्या नणंदेकडे बाळंतपणाला गेल्या होत्या. (आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात.) ह्यांची दुकानाची धावपळ. दोन पोरं सांभाळायची की झाडांना पाणी घालायचं? आठ-दहा दिवस आळी कोरडीच राहिली.

परत आले तेव्हा दुधीच्या वेलानं माना टाकल्या होत्या. हा वेल आम्ही लावलेला नव्हता. खताच्या खड्ड्याशेजारी आपोआप उगवलेला. आम्हाला कौतुक वाटलं, म्हणून मांडवावर चढवला होता. दोन बादल्या पाणी घातलं तशी पानं पुन्हा टवटवीत झाली. पानांआड वीतभर लांब, हिरवागार दुधी लोंबत होता. वेलाचा पहिलाच दुधी!

९ मेला तो काढला. हरभऱ्याची डाळ भिजवलेली होतीच. कांदा-लसूण चटणी घातली, वर शेंगदाण्याचं कूट पेरलं, छान रस्सा उकळला. गुरुवार होता आणि माझा उपास, म्हणून चव काही बघितली नाही. मुलांना ताटं वाढली.

थोरलीनं एक घास खाल्ला आणि तोंड वाकडं केलं.

"आई, भाजी कडू आहे."

"दुधी कधी कडू असतो का? खा गुपचूप."

"खरंच कडू आहे गं."

मुलांनो, त्याच आठवड्यात तिनं गवार कडू म्हटली होती. त्याच्या आधी मेथी. 'लांडगा आला रे' म्हणणाऱ्या मुलाची गोष्ट मीच तिला सांगितली होती आणि आता तीच आठवण करून दिली. त्या गोष्टीत शेवटी लांडगा खरंच येतो, हे मात्र मी विसरले.

धाकट्यानं पहिलाच घास थुंकून टाकला. तो लहान, म्हणून त्याला मी वरणभात दिला. थोरलीला म्हटलं, "तू मोठी ना? आपला नियम काय आहे?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. भाकरीच्या मोठ्या तुकड्यात थोडी थोडी भाजी दडवून तिनं पाच-सहा घास गिळले.

तेवढ्यात दारात पिशवी ठेवत आत्या आल्या. कराडहून एस्टीनं आल्या होत्या. नातीचं रडवेलं तोंड बघून त्यांनी विचारलं, "काय झालं गं लेकराला?"

"काही नाही आत्या. दुधी कडू आहे म्हणते. नाटकं नुसती."

आत्या काही बोलल्या नाहीत. सुपलीत दुधीचं देठाकडचं टोक पडलं होतं. त्याचा नखाएवढा तुकडा त्यांनी जिभेच्या टोकाला लावला आणि लगेच मोरीत जाऊन थुंकल्या. खळखळून चूळ भरली.

"आगं, इखावानी कडू हाय! उचल ते ताट. चिरायच्या आधी जिभंला लावून बघितलं न्हाईस?"

मी ताट उचललं. पण पाच-सहा घास पोटात गेले होते.

तासाभरात थोरलीला मळमळायला लागलं. मग उलट्या सुरू झाल्या. एक, दोन, तीन. पोट धरून ती अंथरुणावर मुटकुळं करून पडली. मी तिला उचललं, ह्यांनी गाडी काढली. आत्यांनी उरलेली भाजी डब्यात घालून बरोबर दिली. म्हणाल्या, "डाक्टरला दाव. काय खाल्लं ते कळाय पायजे." गावातल्या डॉक्टरांनी डबा उघडून बघितला, किती खाल्लं, कधी खाल्लं, सगळं विचारलं. सलाईन लावलं आणि संध्याकाळपर्यंत तिला तिथंच ठेवून घेतलं. थोडक्यात निभावलं, असं ते म्हणाले. जास्त खाल्लं असतं किंवा कच्चा रस प्यायली असती तर मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं असतं.

त्या सलाईनच्या बाटलीतला एकेक थेंब बघताना मला काय वाटत होतं, ते तुमच्या आयांना सांगायला नको.

मुलांनो, दुधी असा कडू का होतो, ते मी नंतर समजून घेतलं. दुधी, काकडी, दोडका, भोपळा ही सगळी एकाच कुळातली भावंडं. या कुळातल्या रानटी वेलींत कुकुर्बिटासिन नावाची फार कडू द्रव्यं असतात. जनावरांनी, किड्यांनी आपल्याला खाऊ नये म्हणून वेलीनं केलेली ती सोय. माणसानं हजारो वर्षं गोड फळांचंच बी जपून ठेवलं, म्हणून आपल्या भाज्या गोड झाल्या. पण वेलीच्या अंगातला तो जुना गुण पुरता गेलेला नाही. कडक ऊन, पाण्याची ओढ, किंवा कडू जातीच्या वेलाशी झालेला संकर यांमुळे तो पुन्हा डोकं वर काढतो. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात आणि रात्री पतंग या वेलावरून त्या वेलावर परागकण नेतात. पतंगाला काय ठाऊक, कुठला वेल गोड आणि कुठला कडू! आपोआप उगवलेल्या वेलावर म्हणूनच डोळे मिटून विश्वास ठेवू नये. आणि हा कडूपणा शिजवल्यानं जात नाही. मसाल्यानं थोडा झाकला जातो, एवढंच.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीनं याचा अभ्यास केला. त्यांचा अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात सांगितलं आहे की दुधीचा रस काढण्याआधी छोटा तुकडा चाखून बघावा. कडू लागला तर सगळा दुधी टाकून द्यावा. आणि रस प्यायल्यावर मळमळ, उलटी, जुलाब असं काही झालं तर लगेच दवाखाना गाठावा. आत्यांनी हा अहवाल कधी पाहिलेला नाही. पण त्यांच्या आईनं त्यांना तेच शिकवलं होतं.

कडू भोपळा अगदीच टाकाऊ असतो असंही नाही बरं का! शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या मिरजेला तंबोरे आणि सतारी तयार होतात. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्याचा तो मोठा गोल भोपळा याच कुळातला. जाड सालीचा, खायला कडू. पंढरपूरकडच्या भागातून तो मिरजेला येतो. पोटात गेला तर उलटी, आणि तारा जोडल्या तर गाणं! हे ऐकून थोरली अंथरुणात पडल्या पडल्या पहिल्यांदा हसली.

दुसऱ्या दिवशी तिला बरं वाटलं. ताक-भात खाल्ल्यावर मी तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, "बाळा, माझं चुकलं. तू खरं सांगत होतीस."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आई, शाळेत तू खिचडीची चव घेतेस ना? मग घरी का नाही घेतलीस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. शाळेत पोषण आहार शिजला की मुलांना वाढण्याआधी आम्ही शिक्षक चव घेतो. तशी नोंद वहीत करून खाली सही करतो. दुसऱ्यांच्या मुलांसाठी मी रोज जे करते, ते माझ्याच घरी राहून गेलं होतं. शिवाय तिथं कुणी मूल 'कडू लागतंय' म्हणालं असतं, तर मी आधी त्याचं ताट उचललं असतं. माझ्या मुलीचं म्हणणं मात्र मी नाटकं म्हणून उडवून लावलं.

म्हणून आम्ही घरचा नियम बदलला. टाकायचं नाही, हे आहेच. पण कुणी 'कडू आहे' म्हटलं, की आधी मोठ्या माणसानं चव बघायची आणि मग बोलायचं. दुधी, काकडी, दोडका चिरण्याआधी मोठ्या माणसानं नखाएवढा तुकडा जिभेला लावायचा. कडू निघाला तर थुंकून चूळ भरायची आणि फळ थेट खड्ड्यात. पैसे गेले तरी चालतील.

थोरलीनं लगेच विचारलं, "मग कारलं आणि मेथी पण नाही खायची ना?"

बघा, किती हुशार! मी सांगितलं, "कारलं कडू असणारच, तो त्याचा स्वभाव. मेथीचंही तसंच. जे गोड असायला हवं ते कडू लागलं, तर मात्र थांबायचं." तिला हा निकाल फारसा आवडला नाही, पण पटला.

तो वेल आम्ही उपटून टाकला. त्याचं एकही बी ठेवलं नाही. पुढच्या हंगामात आत्यांनी त्यांच्या राखेतल्या मडक्यातलं बी लावायला दिलं. त्यांची रीत अशी, की वेलाची पहिली फळं चाखायची, गोड निघाली तरच त्या वेलावरचं एक चांगलं फळ चिंधी बांधून राखायचं आणि वेलावरच वाळू द्यायचं. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी अशीच गावरान बियाणी जपली आणि त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या आत्यांना पदक नाही, पण त्यांच्या मडक्याला आता घरात मोठा मान आहे.

थोरलीनं एक जुनी वही घेऊन तिच्यावर 'घरची चव नोंदवही' असं लिहिलं. तारीख, भाजी, चव कुणी घेतली, आणि शेरा. आत्यांना सही करायचा कंटाळा, म्हणून त्या अंगठा उठवतात आणि हसतात. मध्ये मी ती वही चाळत होते. पहिल्या पानावर दुधी, गोड. दुसऱ्यावर काकडी, देठाकडे थोडी कडू, टाकली. तिसऱ्या पानावर गवार. चव घेणार, आई. शेरा होता, 'कडू नाही. पण मीठ विसरली.'

खाली मी निमूटपणे सही केली.