चित्राच्या जागी मजकूर

चित्र लिंक असेल आणि त्याला अल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्राच्या जागी वाचला जाणारा मजकूर, नसेल, तर पडद्यावरचे वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर बरेचदा फाइलचे नाव किंवा लिंकचा पत्ताच वाचू लागतो. अक्षरे, आकडे, अंडरस्कोर. ऐकणारा तिथे अडतो. ही लिंक कुठे नेणार, याचा त्याला पत्ता नसतो.

*

कोयना धरणाचा फोटो घेऊ. पुराच्या बातमीत अल्ट असे हवे: ‘कोयना धरणाच्या सहा वक्री दरवाजांतून नदीपात्रात पाणी सोडले जात आहे.’ तोच फोटो धरणाच्या बांधकामावरच्या लेखात असेल, तर दरवाजांची रचना आणि सांडवा यांबद्दल लिहावे लागेल. आणि पर्यटनाच्या पानावर वरची शोभेची पट्टी म्हणून तो लावला असेल, तर अल्ट रिकामे ठेवावे: दोन अवतरणचिन्हे, मध्ये काही नाही. रिकामे अल्ट म्हणजे ‘पुढे चला’ अशी स्पष्ट सूचना. अल्टच नसणे म्हणजे हयगय. फोटो पानावर कशासाठी आहे, हे बातमी लिहिणाऱ्यालाच ठाऊक असते. म्हणून हे काम प्रोग्रामरवर ढकलू नये, उपसंपादकाने फोटोओळीबरोबरच करावे.

*

‘अमुकचे छायाचित्र’ अशी सुरुवात नको. इथे चित्र आहे, हे स्क्रीन रीडर आधीच सांगतो. नकाशा, व्यंगचित्र, जुने तैलचित्र असेल तर मात्र प्रकार सांगावा.

*

भिंगाचे बटण: अल्ट ‘भिंग’ नव्हे, ‘शोधा’.

*

चित्राला अल्टखेरीज टायटलही देता येते. टायटल म्हणजे कर्सर चित्रावर थांबवला की उमटणाऱ्या छोट्या चौकटीतला मजकूर. मोबाइलवर कर्सर नाही, म्हणून चौकटही सहसा दिसत नाही. कीबोर्डवर काम करणाऱ्यांचीही तीच अडचण. स्क्रीन रीडर टायटल वाचेलच असे नाही, आणि अल्टमधलाच मजकूर तिथे पुन्हा टाकला तर काही वेळा दोनदा ऐकावा लागतो. जुन्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये त्या चौकटीत अल्टच दिसायचे. अल्ट आणि टायटल यांची सरमिसळ बरीचशी तिथूनच आली. महत्त्वाची माहिती केवळ टायटलमध्ये ठेवूच नये.

*

सिडनी ऑलिंपिकच्या वेबसाइटवर चित्रांना आणि चित्र-लिंकना अल्ट नव्हते. ब्रूस मॅग्वायर या दृष्टिहीन नागरिकाने 1999 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. आयोजकांनी खर्चाचा आणि वेळेचा बाऊ केला. आयोगाने तो मान्य केला नाही. ऑगस्ट 2000 मध्ये निकाल मॅग्वायर यांच्या बाजूने लागला, तरी दुरुस्ती पुरती झाली नाही आणि शेवटी 20,000 ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यावी लागली. स्पर्धा तोवर संपली होती.

*

आपल्याकडचे मोठे दुखणे म्हणजे मजकुराचीच चित्रे. युनिकोड रुळण्याआधी मराठी अक्षरे समोरच्याच्या संगणकावर दिसतील याची खात्री नसे, तेव्हा मथळेही चित्र करून टाकत. ती अडचण केव्हाच संपली, सवय उरली. पाणीकपातीचे वेळापत्रक, परीक्षेची सूचना, कागदपत्रांची यादी, सगळे जेपीजी. अशा वेळी लांबलचक अल्ट हा उपाय नव्हे. वेळापत्रक पानावर मजकूर म्हणूनच टाकावे. ते मोठे करून वाचता येते, शोधता येते, कॉपी करून शेजाऱ्याला पाठवता येते.

*

पानाची भाषा कोडमध्ये मराठी नोंदवलेली हवी. ती इंग्रजी राहिली, तर उत्तम लिहिलेले अल्टही इंग्रजी आवाजाच्या तोंडी जाण्याची शक्यता असते.