म्हैसमाळचा मुक्काम
कुटुंबासह तंबूत राहायचे, तर छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातल्या घरांना म्हैसमाळ सोयीचे: खुलताबादमार्गे सुमारे 40 किलोमीटर, समुद्रसपाटीपासून हजारेक मीटर उंच, माथ्यावर गिरिजादेवीचे मंदिर. पावसाळा सरताना पठार हिरवेगार असते, रात्री गारवा उतरतो. तंबू किंचित उंच, सपाट जागी लावावा. वाळक्या फांदीखाली कधीच नाही. पिठलं-भाकरी सगळ्यांनी मिळून करावी. भाकरी थापायला शिकणारी मुले हीच या मुक्कामाची खरी कमाई! तंबूऐवजी कॅरॅव्हॅनचा, म्हणजे फिरत्या घरासारख्या गाडीचाही पर्याय आहे; महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणले. अशा गाडीत झोपायला जागा, स्वयंपाकघर आणि शौचालय असल्याने आजी-आजोबांनाही सोबत नेता येते. तरी जमिनीवर अंथरलेल्या सतरंजीची सर तिला नाही. निघताना चूल पाण्याने पूर्ण विझवावी आणि कचरा शहरात परत आणावा.