पॉलिश पेपर

(द्वितीय वर्ष कला)

पुण्याला समुद्र नाही. तरी खडकवासल्याच्या प्रबोधिनीत नौदलाचे कॅडेट शिकतात, लोणावळ्याच्या डोंगरात ‘आय. एन. एस. शिवाजी’ आहे, आणि एन. सी. सी.च्या नौदल विभागात आमच्यासारखी पेठांतली मुलं जहाजांची मॉडेलं करतात. कवायतीइतकाच तोही तिथला एक रीतसर विषय. मी तो घेतला, आणि जरा फुशारकीनंच घेतला.

माझे वडील, म्हणजे आण्णा, भवानी पेठेत टिंबर मार्केटजवळच्या एका कारखान्यात फर्निचरला पॉलिश करतात. वर्गात कोणी विचारलंच तर ‘फर्निचर लाइनमध्ये आहेत’ असं म्हणून मी विषय बदलत असे. घरात पहिला मीच कॉलेजात आलो. शाळेच्या सुट्टीत एकदा कारखान्यात जाऊन पॉलिश पेपर हातात घेतला, तर आण्णांनी तो काढून घेतला होता. “हे तुझ्या हाताला लागू नये म्हणून तर चाललंय सगळं,” एवढंच म्हणाले होते.

मी आंग्र्यांच्या आरमारातलं गलबत निवडलं. ऑर्म या अठराव्या शतकातल्या इंग्रज इतिहासकारानं त्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची. गलबत फार तर ७० टनांचं, दोन डोलकाठ्यांचं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. वारा पडला की हीच गलबतं मोठ्या गुराबांना दोरांनी ओढत शत्रूपर्यंत नेत. इतिहास माझा आवडता विषय, त्यामुळे हे सारं वहीत झटपट उतरलं. लाकडावर मात्र उतरेना.

आण्णांनी कारखान्यातले सागाचे तुकडे आणून दिले. सहा थर एकावर एक चिकटवले, पटाशीनं तासले, कानशीनं आकार आणला. दीड फुटाचं गलबत आठवड्यात दिसू लागलं. मला वाटलं, झालंच! खरं काम तिथून पुढं होतं, हे पुस्तकात कुठंच नव्हतं.

आधी ८० नंबरचा कागद, मग १२०, मग २२०, शेवटी ३२०. लाकडाच्या ठोकळ्याला कागद गुंडाळून घासलं तर गोल कुशीवर सपाट पट्टे पडत. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांचे खळगे. नाळेच्या टोकाला तर दोन्ही बाजू जुळतच नव्हत्या. डावीकडून थोडं घासावं तर उजवी जाड दिसे, उजवी घासावी तर डावी. माझं गलबत पुढून रोज थोडं झिजत होतं. नाकात, अंथरुणात, आईच्या पोळीच्या डब्यावर सागाचा भुसा. आई काही बोलली नाही, पण डबा आपटून ठेवू लागली.

एका रविवारी कंटाळून मी दोन नंबर गाळले आणि थेट पॉलिश चढवलं. चपडी रात्रभर स्पिरिटमध्ये भिजवलेली, मलमलीत कापूस गुंडाळून केलेली गादी, सगळं साहित्य आण्णांचंच. पहिला हात फिरला आणि मी हबकलो. साध्या लाकडावर न दिसणारा प्रत्येक आडवा ओरखडा नांगरटीसारखा उठून आला. सांध्यांतून निसटलेला फेव्हिकॉल जिथं जिथं पुसायचा राहिला होता, तिथं फिकट डाग. त्यात श्रावण. दमट हवेत स्पिरिट उडताना पॉलिश धरलं नाही. तासाभरात सगळ्या कुशीवर पांढुरकी झाक आली. मी गलबत कोपऱ्यात भिरकावलं. वल्ह्याची एक भोकपट्टी तुटली.

आण्णा कामावरून आले, पट्टी उचलून फळीवर ठेवली, हात-पाय धुतले, जेवले. मग म्हणाले, “रेषेच्या आडवं घासलंस व्हय? अन् पावसात पॉलिश?”

“तुम्हीच करून द्या ना आण्णा. तुम्हाला तासाभराचं काम.”

“अर्ध्या तासाचं,” ते म्हणाले. “पण नाव तुझं लागणार ना त्याच्यावर?”

त्यांनी हात लावला नाही. पण रोज जेवण झाल्यावर शेजारी बसू लागले. ज्या कागदाला मी हात लावू नये म्हणून ते राबले, तोच मला कसा धरायचा ते सांगताना त्यांना काय वाटत होतं कोण जाणे. मी विचारलं नाही. पॉलिश स्पिरिटनं उतरवायला लावलं. पेन्सिलीनं सगळ्या कुशीवर रेघोट्या ओढायला सांगितल्या; रेघ शिल्लक म्हणजे तिथं खळगा. शेवटच्या कागदाआधी ओला फडका फिरवायचा, दबलेले तंतू उभे राहतात, वाळले की पुन्हा घासायचं. “डोळे मीट,” म्हणायचे, “डोळा फसतो. बोटं फसत नाहीत.” डोळे मिटल्यावर मला कागदाचा आवाज ऐकू येऊ लागला. नव्या कागदाची खरखर हळूहळू बारीक होत जाते.

पॉलिश दिवाळीनंतर, कोरड्या हवेत केलं. पातळ हात, मध्ये एकेक दिवस जाऊ देत.

स्नेहसंमेलनातल्या प्रदर्शनाला आण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आले. नखांतला तांबूस रंग काही निघाला नव्हता. माझे तीन-चार मित्र टेबलाशी उभे होते. एकानं विचारलं, “पॉलिश बाहेरून करून घेतलंस का रे?”

“मीच केलं. वडलांनी शिकवलं,” मी म्हणालो. “ते पॉलिशचंच काम करतात. हे काय, हेच.”

सगळ्यांनी नमस्कार केला. आण्णा गडबडले, नमस्कार करता करता त्यांनी गलबत उचललं, डोळे मिटले आणि तळाखालून, जिथं कोणी बघणार नव्हतं तिथून, अंगठा फिरवला. मागच्या टोकाशी तो थांबला.

“हितं ऐंशीचा ओरखडा राहिलाय,” ते म्हणाले.