वाशिष्ठीच्या पाण्यावरून

कोंकणचा इतिहास आपण मुलांस शिकवितों तो बहुधा गडांचा आणि घाटांचा. तोफ कोणत्या बुरुजावर होती हें त्यांस पाठ असतें. परंतु ती तोफ, तिची दारू आणि गडावरील शिबंदीचें धान्य कोणत्या वाटेनें आलें, असें विचारलें तर वर्ग स्तब्ध होतो. ती वाट पाण्याची होती. चिपळुणाजवळील गोवळकोटच्या धक्क्यावरून होडीनें दाभोळपर्यंत गेलें म्हणजे हें आपोआप ध्यानांत येतें.

गेल्या माघांत नातवंडांसह हा प्रवास घडला. नदीचें नांव वाशिष्ठी. वसिष्ठाची ती वासिष्ठी, ही सरळ तद्धित व्युत्पत्ति. लोकांच्या जिभेनें ‘स’चा ‘श’ केला, इतकेंच. निघण्याची वेळ ठरविण्यास तांडेलानें घड्याळ पाहिलें नाहीं. तो म्हणाला, “गुरुजी, उद्यां दशमी. तिथीची पाऊणपट केली कीं साडेसात. तेव्हां समुद्रावर पुरी भरती. इथवर पाणी चढून वळलें कीं निघूं.” आमचें पंचांग देवघरांत असतें, त्याचें होडींत होतें.

ओहोटी लागली तसे कांठचे चिखल उघडे पडले आणि त्यांवर उन्हास पडलेल्या मगरी दिसूं लागल्या. मुलांचें सारें लक्ष तिकडे. माझें मात्र मागें राहिलेल्या गोवळकोटकडे आणि परशुरामाच्या डोंगराकडे. त्या क्षेत्रीं राहणाऱ्या ब्रह्मेंद्रस्वामींचें आणि सिद्दी साताचें एका हत्तीवरून वितुष्ट आलें आणि १७२७ मध्यें सिद्दीनें परशुरामाचें देवालय लुटलें. त्याचें बळ गोवळकोट व अंजनवेल या दोन किल्ल्यांत होतें: एक खाडीच्या माथ्यावर, दुसरा मुखाशीं. दोहोंमधील पाणी ज्याच्या हातीं, त्याच्या हातीं सारा मुलूख. १७३६ मध्यें चिमाजीअप्पांशीं झालेल्या लढाईंत सिद्दी सात पडला. पुढें १७४५ मध्यें तुळाजी आंग्रे यांनीं अंजनवेल घेऊन त्यास गोपाळगड हें नांव दिलें.

कांदळवनांमधून जातां जातां खेडाकडून आलेली जगबुडी भेटते, पात्र रुंदावतें आणि शेवटीं दाभोळ येतें. बहामनी राज्याचें हें मोठें बंदर. अरबस्तानचे घोडे येथें उतरत. पंधराव्या शतकांतील रशियन प्रवासी निकितिन यानें त्याची नोंद केली आहे. डिसेंबर १५०८ मध्यें पोर्तुगीज अधिकारी आल्मैद यानें हेंच नगर जाळलें व लोकांची कत्तल केली. आज तेथें किनाऱ्यावर जुनी घुमटाची मशीद, मासेमारीच्या होड्या आणि पलीकडे धोपाव्यास जाणारी फेरीबोट आहे.

बंदरांस केवळ शत्रू मारीत नाहीं, गाळही मारतो. पुराणांत परशुरामानें बाण सोडून समुद्र मागें हटविला. सह्याद्रीवरची माती तेंच काम मुकाट्यानें करीत आहे. जोंवर माल पाण्यानें येई, तोंवर खाडी किती खोल आहे याची चिंता व्यापाऱ्यास असे. मोटारी आल्या, १९९८ मध्यें कोंकण रेल्वे पुरी झाली आणि नदीकडे गांवाची पाठ झाली. कोयनेचें पाणी वीज निर्माण करून याच नदींत उतरतें, तरी पात्राचा विचार कोण करतो?

नदीनें तो २२ जुलै २०२१ रोजीं करावयास लाविला. चिपळुणांत घरांच्या माड्यांपर्यंत पाणी चढलें. १८६४ मध्यें स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरांतील कित्येक ग्रंथ भिजून नष्ट झाले. त्यानंतर नागरिकांनीं उपोषण केलें, तेव्हां कोठें गाळ उपसण्याच्या कामास वेग आला. अतिवृष्टि हें कारण खरेंच. पण उथळ पात्रास आलेलें पाणी पोटांत घेतां येत नाहीं, हेंही तितकेंच खरें.

वाचकांस सुचवावेंसें वाटतें तें इतकेंच. सुटींत मुलांस किल्ल्यावर न्यालच. एक दिवस त्या किल्ल्याखालच्या पाण्यावरही न्या. मगर पाहून तीं आनंदतील, तें योग्यच आहे. परंतु परततांना तांडेलास एवढें विचारण्यास सांगा कीं, “काका, तुमच्या लहानपणीं येथें पाणी किती खोल होतें?” त्याच्या उत्तरांत मुलांस गांवाचा मागचा इतिहास कळेल, आणि पुढचाही.