सुया, डोकं आणि भामरागड

माझं डोकं गेली चार वर्षं दुखतंय. रोज नाही, महिन्यातले बारा-चौदा दिवस. एमआरआय स्वच्छ, चष्म्याचा नंबर बरोबर. न्यूरॉलॉजिस्टने एवढंच बजावलं, की गोळ्या मोजून घे. साधी वेदनाशामकं महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. पॅच टाकला आणि पॅचनेच नवा बग आणला, तसं!

म्हणून शेवटी ॲक्युपंक्चर. आपल्याकडे ॲक्युपंक्चर म्हटलं की हमखास सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचं नाव निघतं. ते होते सर्जन, १९३८ च्या पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. ही विद्या भारतात आणली ती त्याच पथकातल्या डॉ. बिजॉय कुमार बसूंनी, १९५९ मध्ये, कलकत्त्याला. असो.

सहा सेशन झाली आणि दिवाळीत मित्राबरोबर भामरागडला गेलो. त्याचा मोठा भाऊ तिथे शिक्षक आहे. आलापल्लीपुढच्या रस्त्यावर डोकं धरलं. पोचल्यावर दादांनी पाणीही द्यायच्या आधी विचारलं, "ताप आहे का? थंडी वाजते?"

"नाही दादा, नेहमीचंच आहे."

"इथे डोकेदुखीला नेहमीची म्हणत नाहीत. चल."

मलेरियासाठी गडचिरोलीचं जंगल कुप्रसिद्ध, आणि फॅल्सिपॅरम मेंदूपर्यंत गेला तर माणूस हाती लागत नाही. आरोग्य केंद्रात बोटाला सुई टोचली, पट्टीवर थेंब टाकला आणि पंधरा-वीस मिनिटं बाकावर बसवलं. शेजारी एक माडिया बाई मांडीवर पोर घेऊन बसली होती, पोर चादरीत कुडकुडत होतं. माझी पट्टी निगेटिव्ह आली, त्याची पॉझिटिव्ह. त्याला लगेच औषध सुरू झालं. आणि माझं डोकं, कुणी काहीही उपचार न करता, तासाभरात निम्म्यावर आलं.

योगायोग असेलही. पण परत आल्यावर मी अभ्यास वाचायला बसलो. जर्मनीत मायग्रेनच्या ३०२ रुग्णांवर झालेली एक चाचणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. काहींना खऱ्या बिंदूंवर सुया, काहींना भलत्याच जागी वरवर टोचलेल्या, काही नुसते प्रतीक्षा यादीत. डोकेदुखीचे दिवस निम्मे किंवा त्याहून कमी झाले ते अनुक्रमे ५१, ५३ आणि १५ टक्के लोकांचे. म्हणजे सुई कुठे टोचली याने फारसा फरक पडला नाही, पण टोचून घेतलेले आणि नुसते वाट बघणारे यांच्यात मात्र चांगलाच पडला! (टेस्टिंगवाल्या मित्रांनो, हसू नका.) शिवाय माणूस जातो तो दुखणं अगदी टोकाला पोचल्यावर, त्यामुळे पुढे थोडं उतरणारच, तेही श्रेय सुयांना मिळतं.

मग हे सगळं थोतांड? मला तसं वाटत नाही. जुनाट दुखण्यात मज्जासंस्थेचा थ्रेशोल्डच खाली येतो, साध्या संदेशालाही क्रिटिकल अलर्ट वाजतो. "धोका नाही" हे मेंदूला पटलं तर अलर्ट खरंच कमी होतात, आणि ते पटायला अर्धा तास शांत पडून राहणं, कुणीतरी नीट विचारपूस करणं, हेही पुरत असावं. माझ्या आयुष्यात ते आठवड्यातून एकदाच होतं, शनिवारी, पैसे मोजून. खटकतं ते मेरिडियन आणि ऊर्जाप्रवाहाचं भाषण. आणि त्याहून जास्त, "गोळ्या सगळ्या बंद करा" हा सल्ला. ताप असलेल्याला कुणी असं सांगितलं तर? बाकावरचं ते पोर आठवतं.

दहा सेशन झाली. डायरीत चौदाचे नऊ दिवस झाले, मागच्या महिन्यात पुन्हा अकरा. थेरपिस्टबाई म्हणतात अजून दहा घ्या. मी पाच म्हटलंय, भाषण वगळून.