दुतोंडी

मांडुळाला दोन तोंडे असतात असा लोकांचा समज आहे. वस्तुतः तो प्राणी निरुपद्रवी असतो आणि त्याला तोंडही एकच असते. परंतु ज्याला खरोखरच दोन तोंडे होती, आणि दोन्ही तितकीच विषारी होती, असा एक प्राणी गेल्या पावसाळ्यात मी स्वतःच्या हातांनी निर्माण केला. त्याची ही हकीकत.

माझ्या वडिलांचा एक लहानसा लोखंडी ट्रॉलर मांडवीकाठी मालीमच्या धक्क्याला असतो. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस मासेमारीला बंदी असते. या दिवसांत मासे निर्धास्तपणे आपला संसार वाढवितात आणि ट्रॉलरांची डागडुजी होते. एरवी ट्रॉलरवर विजेची ददात नसते. इंजिनाला जोडलेला अल्टरनेटर बॅटऱ्या भरीत राहतो. त्यांच्या २४ व्होल्टवर दिवे आणि बिनतारी संच चालतात, आणि तीच वीज २३० व्होल्टची करून इन्व्हर्टर केबिनमधील सॉकेटांना पुरवितो. बंदीत मात्र इंजिन निद्रिस्त आणि बॅटऱ्या मरगळलेल्या. गंज घासायला ग्राइंडर चालवायचा, म्हणून बाबांनी २ केव्हीएचा पेट्रोलवर चालणारा जनरेटर भाड्याने आणला.

ग्राइंडर थेट जनरेटरला जोडून काम भागले असते. पण विज्ञान प्रदर्शनात दोनदा बक्षीस मिळविलेल्या मनुष्याचे एवढ्याने कसे भागावे? केबिनमधला पंखा, बॅटरीचा चार्जर, सारे एकदम चालले पाहिजे, असे मी ठरविले. एका लांब वायरीच्या दोन्ही टोकांना मी तीन पिनांचे प्लग बसविले. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरे केबिनच्या सॉकेटात. म्हणजे वीज उलट्या वाटेने साऱ्या ट्रॉलरभर खेळेल! माझ्या कल्पकतेवर मी बेहद्द खूष होतो. धाकटा भाऊ दुसरे टोक घेऊन केबिनच्या दारात उभा राहिला. सर नुकतीच पडून गेली होती. मी जनरेटरची दोरी ओढणार, इतक्यात माझ्या मनगटावर कोणाचा तरी हात पडला.

ते मामा होते. मामा जहाजदुरुस्तीच्या एका कारखान्यात विजेचे काम करतात. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "त्याच्या हातात काय आहे ते आधी बघ."

मी पाहिले. भाऊ अनवाणी, ओल्या लोखंडी डेकवर उभा होता आणि त्याची ओली बोटे त्या पितळी पिनांवर होती. दोरी ओढताच त्या पिनांवर २३० व्होल्ट उभे राहिले असते. माझ्या तोंडाला कोरड पडली. मामांनी खिशातून पक्कड काढली आणि माझी दुतोंडी वायर मधोमध तोडली.

मग त्यांनी इन्व्हर्टरकडे बोट दाखविले. तो चालूच होता! भावाने प्लग नीट सॉकेटात बसविला असता, तर दोन ठिकाणची वीज एकाच तारेवर समोरासमोर आली असती. त्यांच्या लहरी जुळण्याचे काही कारण नव्हते. इन्व्हर्टर तरी नक्कीच जळाला असता. "जिकडून वीज येते तिकडे नेहमी भोके, जिकडे जाते तिकडे पिना," मामा म्हणाले. "हे उलटे झाले की समज, काहीतरी चुकले."

दुसऱ्या दिवशी मामांनी केबिनच्या बाहेरील भिंतीवर झाकणाचे एक इनलेट बसविले. त्यात पिना आत दडलेल्या होत्या. तेथून वीज चेंजओव्हर स्विचला गेली. त्याची मूठ एका बाजूस केली की इन्व्हर्टर, दुसऱ्या बाजूस जनरेटर, मध्ये काहीच नाही. फेज आणि न्यूट्रल, दोन्ही तारा एकदम तुटतात व एकदम जुळतात. दोघांची गाठ पडणेच अशक्य. त्यापुढे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. तिचे परीक्षेचे बटण दाबताच ती खट्‌कन पडली, तेव्हा सारे ठीक आहे असे मला वाटले. मामांनी मात्र सॉकेटातील फेज आणि अर्थिंग यांच्यामध्ये १५ वॉटचा दिवा जोडला. दिवा लागला नाही आणि आरसीसीबीही पडली नाही. भाड्याच्या त्या जनरेटरचा न्यूट्रल अर्थिंगला कोठेच जोडलेला नव्हता, त्यामुळे गळणाऱ्या विजेला परतीची वाटच नव्हती. बटणाला ही वाट लागत नाही, म्हणून ते फसविते. मामांनी न्यूट्रल जनरेटरपाशी, त्या एकाच ठिकाणी, अर्थिंगशी जोडला. या वेळी दिवा जोडताक्षणी आरसीसीबी पडली. (हा प्रयोग जाणकाराचा आहे, वाचकांनी करू नये.)

जनरेटर मामांनी उघड्या धक्क्यावर, धूर केबिनपासून दूर जाईल असा ठेवविला. इंजिनखोलीत ठेवलेला पेट्रोलचा डबाही वर काढविला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि तळाशी साचून ठिणगीची वाट पाहते. दुपारी तीनच्या सुमारास पावसाने जोर धरला. एक खलाशी जनरेटर केबिनलगतच्या ताडपत्रीखाली आणू लागला. आत दुसरा खलाशी झोपला होता. मामांनी जनरेटर सरळ बंदच केला. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग ना वास, आणि रक्ताला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींनी अधिक चिकटतो. जाग्या माणसाचे निदान डोके तरी दुखते. झोपलेल्याला काहीच कळत नाही.

भाड्याचा एक दिवस वाया गेला म्हणून बाबा कुरकुरले. मामांनी त्यांना उत्तर दिले नाही. ताडपत्रीखाली बसून त्यांनी तोडलेल्या वायरीचा लांब तुकडा मजपुढे टाकला आणि त्याच्या मोकळ्या टोकाला, मी बसवावयास हवा होता तसा, भोकांचा कनेक्टर माझ्याकडूनच बसवून घेतला. ती वायर आजही ट्रॉलरवर आहे. उरलेला तुकडा धाकट्याने मागून घेतला. तीन पितळी पिना आणि वीतभर वायर, त्याच्या खेळण्यांच्या पेटीत आहे.